कापड होतं का?

ब्रॅकनेसच्या साप्ताहिकात मी उमेदवार,
आणि समोरच्या टेबलाशी एनिड ऑस्गरबी:
लाल पेन, नाकाच्या शेंड्यावर चष्मा,
आणि क्रियापदांच्या बाबतीत सावत्र सासूहून खाष्ट.

"लाँच होतं ते जहाज," ती म्हणायची,
"कारण त्याला पाण्यात ढकलता येतं.
टूथपेस्ट लाँच होत नाही, विकायला येते.
रिव्हील जादूगारांसाठी राहू दे,
अनाउन्स करू दे स्टेशनमास्तरांना.
आणि अनव्हेल लिहिण्याआधी विचार,
कापड होतं का? दोरी कुणी ओढली?
कापड नसेल तर खोड."

आणि डिस्क्लोज? मी विचारलं.
तिनं पेनला टोपण लावलं.
"ते क्वचितच लागतं.
ज्यानं झाकलं
त्यानंच उघडावं लागतं त्यासाठी."

'सिल्व्हर टर्न' बुडाली त्याला पन्नास वर्षं झाली
तेव्हा धक्क्यावर दगड बसवला.
एकोणीस नावं, कंपनीच्या यादीबरहुकूम.
महापौरांच्या गळ्यात साखळी,
गारठलेल्या ओठांचा ब्रास बँड,
मासळी लिलावाच्या शेडमधून आणलेल्या खुर्च्या,
त्यांना अजून हॅडकचा वास.
दगडावर निळं मखमल.
मी वहीत आधीच टिपून ठेवलं: कापड होतं.

भाषणाचा दुसरा कागद उलटतो न उलटतो
तोच समुद्राकडून वारा आला,
त्यानं मखमल उचललं, दोनदा झटकलं
आणि बर्फाच्या कारखान्याच्या छपरावर नेऊन टाकलं.
महापौर दोरी धरून उभे,
दोरीच्या टोकाला काहीच नाही.
कुणीतरी फिस्सकन हसलं.
मग सगळे वाचायला लागले.

पिवळ्या रेनकोटातली एक बाई
बोट लावून खालपर्यंत आली,
परत वर गेली,
परत खाली.
"आमचा विल्फ नाही ह्यात,"
असं म्हणाली, की जसं दुकानात
दोन पेन्स कमी परत आलेत.

पंधराचा होता. बटाटे सोलायला नेला होता.
कागदावर घेतला असता
तर कायदा आडवा आला असता.

कंपनीचा माणूस छत्रीशी झटापट करत म्हणाला,
ह्या विषयी जाहीर करण्यासारखं आमच्याकडे काही नाही.
झाकली मूठ.
पन्नास वर्षं आवळलेली,
आणि अजून बोटांना रग लागत नाही.

संध्याकाळी मी लिहिलं,
महापौरांच्या हस्ते अनव्हेल.
एनिडनं 'हस्ते'वर लाल रेघ मारली.
"हात कुठे होता?"
तिथे मी वारा घातला. तिनं राहू दिला.

मग विल्फवर अडले.
रिव्हील? ती बाई काही टोपीतून ससा काढत नव्हती.
अनाउन्स? तिच्याकडे भोंगा नव्हता.
डिस्क्लोज? तिनं थोडंच झाकलं होतं काही.
ती तर पन्नास वर्षं उघडीच बसली होती,
चॅपल स्ट्रीट, घर नंबर अकरा,
कुणी दार वाजवलं नाही इतकंच.

एनिडनं कागद उचलला, बराच वेळ धरला.
खिडकीतून ते छप्पर दिसत होतं.
चष्मा काढून तिनं स्वेटरला पुसला,
तो काही मळलेला नव्हता.

"म्हणाली, असं लिही."
नुसतं म्हणाली?
"मर्सी लोडन म्हणाली. बास.
त्याला दोरी लागत नाही."

छापून आलं ते पान तीनवर,
खाली डावीकडे, टायरच्या जाहिरातीला खेटून.
'म्हणाली' ओळीच्या शेवटी तुटलं होतं,
त्यावरून एनिड आठवडाभर छापखान्याशी भांडली.

कापड जानेवारीपर्यंत छपरावर होतं.
एक समुद्रपक्षी त्यावर रोज बसायचा,
निळं फिकं होत गेलं.
शिडी आहे नगरपालिकेकडे.
मी फोन केला होता.